सलाईनच्या पिशवीत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं

नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा तर संमतीपत्र भरावं लागतं. त्याच्या शेवटच्या पानावर सहीच्या वर काही रकाने असतात. नाव, वय, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि सगळ्यात खाली नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं. आमच्या यांनी तोवरचं सगळं शांतपणे वाचलं होतं. तिथे आले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे कशाला लागतं?" एवढंच विचारलं. कोऑर्डिनेटर मुलगी तिशीच्या आतली असेल, पण तिने नजर चुकवली नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कंपनीने द्यायची असते, आणि जीवच गेला तर ती भरपाई वारसाला मिळावी म्हणून हे नाव आधीच लिहून घेतात, असं तिने सांगितलं. ऐकायला जड गेलं. तरी तिने शब्द मवाळ केले नाहीत याचं मला बरं वाटलं. त्या दिवशी आम्ही सही केली नाही. कागद पिशवीत घातले आणि स्वारगेटवरून साताऱ्याची एसटी धरली.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त आणि आव पडते, आणि कळ आली की मिनिटभरही थांबवत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या आतड्यावर उलटते. क्रोन्स हा याच घरातला दुसरा आजार. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोल जातो. दोन्ही मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात.

मला रक्त दिसायला लागलं तेव्हा पहिलं निदान झालं मूळव्याधीचं, तेही न तपासता. मलम, इसबगोल, तिखट बंद. नंतर आमांश म्हणून जंताच्या आणि अमीबाच्या गोळ्या. वजन उतरत गेलं, हिमोग्लोबिन खाली आलं, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठे कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासायची, चिठ्ठी हातात पडली. तरुण बाईला शौचातून रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, या एका गृहीतकाने किती जणांचे महिने खाल्ले असतील ते मला पुढे वेटिंग हॉलमध्ये बसून कळलं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी परिपाठ चालू असतो, पोरं रांगेत हात जोडून उभी, आणि पोटात मुरडा येतो. वर्ग सोडून जाता येत नाही आणि गेलं तर कोण काय म्हणेल याची धास्ती. आतड्याची सूज कमी करणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या आणि रात्रीचा एनिमा यांवर काही काळ निभावलं. मग स्टिरॉइड सुरू झालं. स्टिरॉइडने चार दिवसांत माणूस उभा राहतो, हे खरं आहे. पण डोस खाली आणला की रक्त परत. चेहरा सुजला, झोप गेली, साखर वर सरकली. स्टिरॉइड सुटावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन दिलं, तर पांढऱ्या पेशी इतक्या घसरल्या की ते तातडीने थांबवावं लागलं. आशियाई लोकांत एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकाचा एक प्रकार बऱ्यापैकी आढळतो, आणि ज्यांच्यात तो असतो त्यांना हे औषध झेपत नाही. २०१४ साली कोरियातल्या संशोधकांनी हा संबंध दाखवला. पाश्चात्त्य रुग्णांवर बेतलेला डोस आपल्याकडे तसाच चालेल असं धरता येत नाही, हे मला तेव्हा अंगावर आलेल्या अनुभवातून कळलं. औषधांचा अभ्यास आपल्या लोकांवरही झाला पाहिजे, हे माझं मत तिथून पक्कं झालं.

पुढचा पर्याय होता बायोलॉजिक इंजेक्शनं, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी. खर्च ऐकून आम्ही गप्प झालो. तेव्हा पुण्यातल्या आमच्या डॉक्टरांनी चाचणीबद्दल सांगितलं. आयएल-२३ नावाचा एक निरोप्या रेणू असतो, तो आतड्यातली सूज पेटती ठेवतो. त्याला अडवणारं औषध अनेक देशांत एकाच वेळी तपासलं जात होतं. "मॅडम, मी सुचवतोय म्हणून हो म्हणू नका," डॉक्टर म्हणाले. "नाही म्हणालात तरी माझ्याकडचे उपचार तसेच चालू राहतील." हे वाक्य संमतीपत्रातही छापलेलं होतं. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर मात्र त्यावर विश्वास बसला.

घरी वादळ उठलं. माझा भाऊ म्हणाला, "ताई, तुला उंदीर समजतात का ते?" सासूबाईंना वाटलं की पैशांची अडचण आहे म्हणून मी जिवावर उदार झाले. त्यांनी गळ्यातली पोत काढून पुढे ठेवली. मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं, पण आधी मलाच समजायला हवं होतं. खरी अडचण औषधाची नव्हतीच, ती प्लासिबोची होती. संमतीपत्रात सरळ लिहिलं होतं की काही जणांना औषध मिळेल आणि काही जणांना औषध नसलेलं, तसंच दिसणारं सलाईन. कुणाला काय, ते संगणक ठरवणार. मला कळणार नाही, डॉक्टरांनाही कळणार नाही. आजारी माणसाला मुद्दाम काहीच द्यायचं नाही, हे कुठल्या न्यायात बसतं?

या प्रश्नाचं उत्तर मला ऑक्सफर्डच्या एका जुन्या कामात सापडलं. ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कोलायटिसवर कॉर्टिझोन हे स्टिरॉइड देऊन केलेल्या चाचणीचा अंतिम अहवाल छापला. २१० रुग्ण होते. १०९ जणांना कॉर्टिझोन, १०१ जणांना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या. सहा आठवड्यांनंतर कॉर्टिझोनच्या गटात ४१ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्या गटात १६ टक्क्यांचा. कोलायटिसचा जोराचा झटका तेव्हा माणसं मारत असे. मला ज्या स्टिरॉइडने कितीदा तरी उभं केलं, ते या आजारावर खरंच चालतं हे त्या १०१ जणांमुळे सिद्ध झालं. आणि १६ टक्क्यांचा आकडाही बघा. निरुपयोगी गोळीवरही तेवढे लोक सुधारले. कोलायटिस आपोआप चढतो, आपोआप उतरतो. आजच्या चाचण्यांतही प्लासिबो घेणाऱ्या दर तिघांतल्या साधारण एकाला थोडाफार फरक पडतो. तुलनेला दुसरा गट नसेल तर उतरत्या काळात घेतलेली प्रत्येक पुडी रामबाण ठरेल.

हे मी घरी सगळ्यांना बसवून सांगितलं. भाऊ म्हणाला, ठीक, पण तू त्या बाजूला का बसायचं? मी म्हटलं, त्या १०१ जणांच्या जिवावर मी इतकी वर्षं औषध घेते आहे. ते ऐकून सासूबाईंनी पोत परत गळ्यात घातली. आम्ही पुन्हा पुण्याला गेलो तेव्हा प्रश्नांची वही भरली होती. आजार वाढला तर काय? तर चाचणीतून बाहेर काढून नेहमीचा उपचार सुरू करणार. मध्येच सोडली तर? कारण सांगायचीही सक्ती नाही. चाचणीवर नजर ठेवणाऱ्या इथिक्स कमिटीत कोण असतं? डॉक्टर तर असतातच, शिवाय कायदा जाणणारा, समाजशास्त्र जाणणारा आणि वैद्यकाशी संबंध नसलेला सामान्य माणूसही असावा लागतो. त्यांचा फोन नंबर कागदावर होता. २००९ पासून भारतात अशा चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करावी लागते. आमच्या यांनी तिथे क्रमांक टाकून स्वतः खात्री केली. मग प्रत्येक पानावर सही झाली, डॉक्टरांचीही झाली, आणि एक प्रत आम्हाला मिळाली. नॉमिनीच्या रकान्यात मी मुलीचं नाव घातलं.

सही झाली म्हणजे चाचणीत शिरलो असं नसतं. आधी स्क्रीनिंग. रक्ताच्या इतक्या नळ्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. लाल, जांभळी, पिवळी बुचं, प्रत्येकीवर बारकोड. कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, गरोदरपणाची चाचणी, छातीचा एक्स-रे, शौचातून जंतुसंसर्ग नाही ना याची तपासणी. आणि टीबी. तिथे मी अडकले. इग्रा नावाची रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली.

फोनवर हे ऐकलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. टीबी म्हटल्यावर आमच्याकडे ताटं वेगळी होतात. डॉक्टरांनी नीट समजावलं. टीबीचे जंतू शरीरात झोपलेले आहेत, आजार नाही, दुसऱ्याला लागण होत नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला, म्हणजे आपल्या देशात ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. पण प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं दिली की झोपलेले जंतू उठू शकतात. इन्फ्लिक्सिमॅब हे बायोलॉजिक नवीन होतं तेव्हा, २००१ मध्ये, त्या औषधानंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांची माहिती छापून आली, आणि तेव्हापासून बायोलॉजिकच्या आधी टीबी तपासणं हा नियमच झाला. मला आयसोनियाझिड ही टीबीची गोळी आणि सोबत बी-६ ची गोळी सुरू झाली. निदान चार आठवडे टीबीची गोळी घेतल्याशिवाय चाचणीत प्रवेश नव्हता, आणि पुढे पूर्ण सहा महिने ती चालू ठेवायची होती. त्या वेळात माझं रक्त पडणं चालूच होतं. ते आठवडे मला सगळ्यात अवघड गेले.

टीबीचा प्रश्न क्रोन्सच्या रुग्णांना याहून जास्त छळतो. वेटिंग हॉलमध्ये सोलापूरकडचा एक मुलगा भेटायचा, इंजिनिअरिंगला होता. त्याच्या लहान आतड्याच्या टोकाशी व्रण होते. क्रोन्सचे व्रण आणि आतड्याच्या टीबीचे व्रण दुर्बिणीतून बरेचदा सारखेच दिसतात. तुकडा काढून तपासला तरी दोन्हीकडे ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे बारीक पुंजके, सापडू शकतात. आतड्यात टीबीचे जंतू इतके विरळ असतात की जीनएक्स्पर्ट ही टीबीची तपासणीही पुष्कळदा निगेटिव्ह येते. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, त्याला टीबीपासून वेगळं काढणं हे आपल्या देशात आजही डॉक्टरांपुढचं मोठं कोडं आहे. चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. टीबीला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी पसरतो. क्रोन्सला टीबी समजलं तर महिनेच्या महिने वाया जातात आणि आतडं आकसत जातं. त्या मुलाला टीबीची औषधं देऊन दोन महिन्यांनी पुन्हा स्कोप केली होती. टीबी असता तर व्रण भरायला लागले असते. ते तसेच होते. तेव्हा कुठे त्याच्या फाइलवर क्रोन्स लिहिलं गेलं. भारतातल्या संशोधकांनी या प्रश्नावर खूप काम केलं आहे, आणि ते इथेच होऊ शकतं, कारण हे दोन आजार शेजारी शेजारी पाहायला मिळणं पश्चिमेत सोपं नाही.

माझ्या स्क्रीनिंगमधली दुसरी गोष्ट होती डायरी. फोनसारखं एक यंत्र दिलं होतं, त्यात रोज संध्याकाळी गजर व्हायचा आणि मराठीत प्रश्न यायचे. आज किती वेळा शौचाला गेलात? रक्त होतं का? थोड्या वेळा रेघा, बहुतेक वेळा स्पष्ट रक्त, की नुसतंच रक्त? वरवर साधं वाटतं. पण मेयो स्कोअर म्हणून जी मोजपट्टी जगभरच्या कोलायटिसच्या चाचण्यांत वापरतात, १९८७ पासूनची, तिचा अर्धा भाग या उत्तरांवर उभा आहे. शौचाच्या वेळांना ० ते ३, रक्ताला ० ते ३, दुर्बिणीतल्या दृश्याला ० ते ३, आणि डॉक्टरांच्या एकूण मताला ० ते ३. जास्तीत जास्त १२.

गंमत अशी की शौचाचे गुण आकड्यावर नसतात, तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा किती जास्त यावर असतात. कोऑर्डिनेटरने विचारलं, "ताई, आजारापूर्वी तुमचं नॉर्मल किती होतं?" मला उत्तर देता येईना. इतक्या वर्षांत ते आयुष्य मला आठवतच नव्हतं. ती थांबली, घाई केली नाही. "लग्नाच्या आधी, माहेरी असताना?" मग आठवलं. सकाळी एकदा, आणि दिवसभर विचारही नाही. तिने एक लिहिलं. त्या एकापासून माझं सगळं मोजमाप सुरू झालं. डॉक्टरांनी विचारलं आणि आपण भिडेपोटी "बरं आहे" म्हटलं तर काय होतं हे तेव्हा समजलं. आपल्याकडच्या बायका दुखणं कमी करूनच सांगतात. मी ठरवलं की डायरीत जसं आहे तसंच भरायचं. रात्रीची उठबसही मोजायची, लाज वाटली तरी नुसतं रक्त पडलं तर तेच लिहायचं.

शौचाचा नमुना न्यायचा असायचा, कॅलप्रोटेक्टिनसाठी. पांढऱ्या पेशींतलं हे प्रथिन आतड्यात सूज असली की शौचात उतरतं. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर चांगलं, २५० च्या वर गेलं तर आत सूज चालू आहे असं धरतात. त्यामुळे दर वेळी दुर्बीण घालावी लागत नाही. पहाटेचा नमुना छोट्या डबीत, ती थर्मासच्या पेटीत बर्फाच्या पाकिटांमध्ये, आणि पेटी मांडीवर घेऊन खंबाटकी घाट उतरायचा. शेजारच्या बाईने विचारलं तर औषध आहे म्हणायचे. पण या तपासणीचा आकडा मला कधीच सांगितला गेला नाही, आमच्या डॉक्टरांनाही नाही. आकडा झरझर उतरलेला दिसला तर या बाईला खरं औषध मिळतंय असा अंदाज लागेल आणि मग डॉक्टरांचं स्वतःचं मतही झुकेल, म्हणून तो झाकून ठेवतात. हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. स्वतःच्या मनाची एवढी खबरदारी घेणारी माणसं मी कमी पाहिली आहेत.

स्कोपचंही तसंच. मला फक्त डाव्या बाजूची, सिग्मॉइडोस्कोपी करायची होती. भूल घेतली नाही, म्हणून पडदा दिसत होता. सगळं लालभडक, ओलं, ठिपक्याठिपक्यांनी रक्त झिरपलेलं. नळी नुसती घासली तरी नवीन थेंब फुटत होता. निरोगी आतड्यात रक्तवाहिन्यांची बारीक जाळी दिसते, ती कुठेच नव्हती. तो व्हिडिओ माझं नाव काढून दूर कुठेतरी बसलेल्या तज्ज्ञाकडे गेला. दहावीचे पेपर जसे दुसऱ्या गावच्या परीक्षकाकडे जातात, तसं. का, तर २०१३ साली छापलेल्या मेसालामाइनच्या एका अभ्यासात दिसलं होतं की स्थानिक डॉक्टरांनी चाचणीत घेतलेल्या रुग्णांपैकी ३१ टक्के, बाहेरच्या परीक्षकाच्या मते, घेण्याइतके आजारी नव्हतेच. त्यांना वगळून हिशेब केल्यावर औषधाचा फरक स्पष्ट झाला. आपल्या रुग्णाला औषध मिळावं म्हणून डॉक्टरांचा हात थोडा सैल सुटतो. त्यामागे माया असते, पण त्या मायेने चांगलं औषधही निकालात नापास होऊ शकतं.

माझ्या स्कोपला ३ गुण मिळाले. मी पात्र ठरले.

पहिल्या सलाईनच्या दिवशी मी बारकाईने पाहत होते. संगणकावर माझा क्रमांक टाकला, आणि पिशवी आतल्या खोलीत तयार झाली. आत काय आहे ते फक्त तिथल्या फार्मासिस्टला माहीत असतं. ते माझ्यासमोर आलेच नाहीत. नर्स पिशवी घेऊन आली. पाण्यासारखी नितळ, वर चाचणीचा क्रमांक. अर्धा-पाऊण तास थेंब थेंब. नंतर तासभर रक्तदाब, ताप, अंगावर पुरळ येतंय का ते बघत बसायचं. शेजारच्या खुर्चीवर कोकणातले एक काका होते, त्यांना पहिल्याच सलाईननंतर बरं वाटायला लागलं म्हणे. मला काही वाटेना. मन मात्र रोज कौल मागायचं. आज तीनदाच गेले म्हणजे औषधच असणार. उद्या रक्त पडलं की पाणीच होतं. शेवटी हा खेळ मी थांबवला आणि नुसती डायरी भरत राहिले.

गावात आणखी एक परीक्षा होती. शेजारच्या काकूंनी कुटजारिष्टाची बाटली आणून दिली, एका सहशिक्षकांनी बेलफळाचा मुरांबा, आणि हळदीचा सल्ला तर प्रत्येकाने दिला. चाचणी चालू असताना ठरलेल्या औषधांशिवाय दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नव्हतं, जडीबुटीसुद्धा. लोकांना वाटायचं मी आपल्या औषधांना नावं ठेवते. तसं नव्हतं. हळदीचा अभ्यास झालाच आहे की. २०१५ साली छापलेल्या एका चाचणीत मेसालामाइन चालू असलेल्या सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या रुग्णांना हळदीतलं कर्क्युमिन रोज ३ ग्रॅम दिलं, तर प्लासिबोपेक्षा चांगला गुण आला. दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, २०१७ मध्ये छापलं, तर फरक दिसला नाही. म्हणजे हळद चांगली की वाईट असा प्रश्नच नसतो. किती, कुणाला, कशासोबत, हे तपासावं लागतं. त्याच एम्समध्ये निरोगी माणसाच्या शौचातले जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडून, सोबत सूज कमी करणारा आहार देऊन केलेली चाचणी २०२२ मध्ये आली, ६६ रुग्णांची. आपल्या मातीतल्या गोष्टी अशा कसोटीवर चढल्या तर त्यांचा मान वाढतोच. काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुझी परीक्षा संपली की घे." बाटली अजून फडताळात आहे.

बाराव्या आठवड्याला पुन्हा स्कोप, पुन्हा हिशेब. स्कोअर थोडा उतरला होता, पण ठरलेल्या मापाइतका नाही. कागदावर माझ्या नावापुढे नॉन-रिस्पॉन्डर, म्हणजे गुण न आलेली, असं आलं. गाडीत यांनी काही विचारलं नाही, मीही बोलले नाही. साताऱ्याच्या वाटेवरच्या खंडाळ्यापाशी चहाला थांबलो तेव्हा रडू आलं. इतकं करून हाती काही नाही, असं वाटणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. ज्यांच्या पदरी प्लासिबो येतं त्यांना तेवढं दुःख होतंच. चाचणी कितीही न्याय्य असो, ते कुणीतरी सोसतं. कागदांत त्यासाठी रकाना नसतो, आणि मला वाटतं डॉक्टरांनी ते तोंडाने तरी मान्य करावं. आमच्या डॉक्टरांनी केलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या या तीन महिन्यांशिवाय बाकीच्यांच्या आकड्यांना काही अर्थ नाही."

अशा रुग्णांना पुढे उघडपणे खरं औषध देण्याची सोय चाचणीतच होती. पुन्हा महिन्याच्या अंतराने सलाईन, या वेळी सगळ्यांना माहीत होतं आत काय आहे. दुसऱ्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की परिपाठात राष्ट्रगीतापासून पसायदानापर्यंत मी उभी होते आणि दाराकडे बघितलं नव्हतं. स्टिरॉइडचा डोस चाचणीच्या ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे उतरवला, आणि रक्त परत आलं नाही. पुढच्या स्कोपला पडद्यावर फिकट गुलाबी भिंत होती आणि तिच्यावर पानाच्या शिरांसारखी बारीक जाळी. डॉक्टरांनी नळी तिथेच धरून ठेवली आणि म्हणाले, "ही बघा, परत आली."

म्हणजे आधी मला प्लासिबोच मिळालं होतं का? तसं म्हणता येत नाही. काही जणांना हे औषध उशिरा लागू पडतं. सगळ्या देशांतला हिशेब संपून गुपित फुटेपर्यंत कुणीच सांगणार नाही. आता दर महिन्याला मांडीत इंजेक्शन मी स्वतः घेते. ते दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, म्हणून वीज गेली की घरातलं कुणी फ्रिज उघडत नाही.

माझी खरी काळजी पुढची आहे. चाचणी संपल्यावर काय? ज्या औषधाने मला उभं केलं ते बाजारात आलं तर मला परवडेल का? २०१९ च्या नियमांत चाचणीनंतर औषध फुकट देण्याची तरतूद आहे, पण अटींसह. डॉक्टरांची शिफारस हवी, इथिक्स कमिटीची मान्यता हवी, आणि त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसावा. कोलायटिसवर दुसरे उपचार आहेत, मग माझ्यासारखीचं काय? नियम लिहिणाऱ्यांनी ही शेवटची अट पुन्हा पाहावी असं मला मनापासून वाटतं. जे औषध आमच्या अंगावर तपासलं, ते आमच्या अंगाला लागू पडत असेल तर ते आम्हाला मिळत राहायला हवं.

आता फलटण, कराड, वाईकडून या आजाराच्या बायकांचे फोन येतात. चाचणीत जाऊ का, विचारतात. मी हो किंवा नाही सांगत नाही. सांगते की कागद घरी न्या, नॉमिनीच्या रकान्यापर्यंत सगळं वाचा, प्लासिबोचं प्रमाण विचारा, आजार वाढला तर कोण किती वेळात बघणार ते विचारा, आणि संपल्यावर औषधाचं काय होणार हे पहिल्याच दिवशी विचारा. हा शेवटचा प्रश्न मी उशिरा विचारला, पण लेखी विचारला. सोबत हेही लिहिलं की निकाल लागेल तेव्हा तो आम्हा रुग्णांना मराठीत कळवावा, आणि कोण कुठल्या गटात होतं तेही सांगावं. कोऑर्डिनेटरने पत्राची पोच दिली आणि ते इथिक्स कमिटीकडे पाठवलं. उत्तर यायचं आहे. पुढची व्हिजिट दिवाळीच्या सुट्टीत आहे, तेव्हा पुन्हा विचारणार आहे.